मागे मी आहे

१

सकाळी शेडचं शटर वर ढकललं की आधी पेट्रोलचा वास अंगावर यायचा आणि मग गाड्या दिसायच्या. भिंतीकडे तोंड करून एका ओळीत उभ्या, जाड टायरांच्या, बसकण मारलेल्या. पाहुणे त्यांना एटीव्ही म्हणायचे, आम्ही नुसतं गाड्या म्हणायचो. त्यांच्यावर बसवून पाहुण्यांना डोंगर फिरवून आणणं हा आमच्या घरचा धंदा. नवरा मेकॅनिक. शेडच्या मागे त्याचं गॅरेज, गॅरेजच्या वर आमचं घर. डोंगरात सगळ्यांच्या पुढे मी आणि सगळ्यांच्या मागे माझा धाकटा दीर. मधे पाहुणे.

"वहिनी म्हणजे डोकं आणि मी म्हणजे शेपूट," भाऊजी हेल्मेट वाटता वाटता सगळ्यांना सांगायचे. "डोक्याचं ऐका. शेपटाला विसरलात तरी चालेल, शेपूट तुम्हाला विसरणार नाही."

पाहुणे हसायचे. मग मी नियम सांगायचे. रेस अंगठ्याने, हळूहळू. उतारावर ब्रेक एकदम दाबायचा नाही. कोणीही ओळ सोडायची नाही. डोंगराच्या घड्यांमध्ये वॉकीटॉकी काम करत नव्हते, म्हणून आमचा सगळा कारभार हॉर्नवर चालायचा. दोन छोटे हॉर्न म्हणजे थांबा. एक लांब म्हणजे सगळं ठीक, चला.

वाट ओढ्यातून जायची, मग दाट झाडीतून, मग नुसत्या खडकावरून वर खिंडीत. खिंडीच्या डाव्या हाताला एक खळगा होता. इतका झाडीने भरलेला की त्याचा तळ कधी दिसलाच नाही. तिथे मी सगळ्यांना थांबवायचे आणि गाड्या बंद करायला लावायचे. "आता कोणी बोलू नका. नुसतं ऐका." तासभर इंजिनावर बसून कान बधिर झालेले असायचे. त्यावर एकदम शांतता पडायची. शहरातली माणसं सुरुवातीला बिचकायची, मग त्यांचे चेहरे सैल व्हायचे. परत गेल्यावर लोक नेमकं त्याचंच कौतुक लिहायचे.

त्या दिवशी सगळ्या गाड्या बंद झाल्या आणि एक झाली नाही.

मला वाटलं, कोणीतरी चावी फिरवायला विसरलं. मी ओळीवरून नजर फिरवली. सगळ्यांचे हात मांडीवर. आवाज येत होता तो खालून, डावीकडून, खळग्यातून. एकच गाडी, एका जागी उभी, इंजिन चालू.

"कोणीतरी मागून येतंय," एक पाहुणा म्हणाला.

"प्रतिध्वनी आहे," भाऊजी मागून म्हणाले. जरा जास्तच पटकन.

प्रतिध्वनी कशाचा, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आवाज जरा वेळ चालला आणि मग थांबला, चावी फिरवल्यावर थांबतो तसा. पण थांबण्याआधी मी त्यातली एक गोष्ट ऐकली होती. ते इंजिन मिसिंग मारत होतं. चालता चालता एक ठोका गिळायचं, अडखळायचं, पुन्हा सुरू. आमच्या ताफ्यात अशी एकच गाडी होती. भाऊजींची. आणि ती माझ्या डोळ्यांसमोर बंद उभी होती. चावी भाऊजींच्या बोटात लटकत होती.

२

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं. तो सिंकपाशी उभा राहून कपडे धुवायच्या साबणाने हातांचं ग्रीस काढत होता.

"पलीकडच्या दरीत कोणाचा तरी ट्रॅक्टर असेल," तो म्हणाला. "थंड हवेत आवाज कुठून कुठे जातो."

"ट्रॅक्टर मला कळतो रे."

"मग दुसऱ्या कोणी गाड्या आणल्या असतील. आपली वाट बघून आपलंच गिऱ्हाईक पळवायला."

"त्यांचीही गाडी अशीच मिसिंग मारते?"

तो हसला. "अगं, निम्म्या जगाच्या गाड्या मिसिंग मारतात. म्हणून तर आपण जेवतो." मग हात पुसत म्हणाला, "बरं, तुझ्या समाधानासाठी करतो. कधीपासून करायचंच होतं."

त्याने भाऊजींच्या गाडीचा कार्बोरेटर उघडला, साफ केला, प्लग बदलला. सकाळी गाडी सुरू केली तर लोण्यासारखी चालली. भाऊजी खूश झाले. म्हणाले, "दादा, तू हिला भलतीच शिस्त लावलीस. आता ही माझं ऐकायची नाही."

त्या दिवशी खिंडीत आवाज पुन्हा आला. अडखळत. मला केवढं हायसं वाटलं. म्हणजे ती आमची गाडी नव्हतीच. जगात दुसरी एक गाडी होती, तिचा कार्बोरेटर कोणी साफ केलेला नव्हता, एवढंच. परत येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या गाडीच्या मालकाला चार शिव्याही हासडल्या.

पुढच्या फेरीला आम्ही खिंडीत थांबलो तेव्हा खळग्यातलं इंजिन अडखळलं नाही. सुरुवातीला एकदा, चुकून आल्यासारखा एक ठोका गेला. मग लगेच सुधारल्यासारखं ते सलग चालू लागलं. लोण्यासारखं.

मी भाऊजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

३

मी खिंडीतला थांबा बंद केला. न थांबता सगळ्यांना तसंच खाली आणायला लागले. कोणी विचारलं तर सांगायचे, वारा फार आहे, दगड सुटतात.

पाहुणे कुरकुरले. त्यांनी फोटो पाहिलेले असायचे, त्यांना ती शांतता हवी असायची. एकाने शेडमध्ये सगळ्यांसमोर मला ऐकवलं की ही सरळसरळ फसवणूक आहे. नवरा वैतागला. आणि भाऊजी, जे माझ्याशी कधी वरच्या पट्टीत बोलले नव्हते, ते एका संध्याकाळी हेल्मेटं पुसता पुसता एकदम भडकले.

"थांबा बंद करून काय होणार आहे, वहिनी?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, प्रतिध्वनी आहे म्हणून. मग मी थांबले काय नि नाही काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

"तुम्हाला काय वाटतं, तो फक्त खिंडीत असतो?" त्यांनी हातातलं हेल्मेट बाकावर आपटलं. "तुम्ही पुढे असता. मागे मी असतो."

मी बाकावर बसले.

"ओढा ओलांडला की सुरू होतं. माझ्या मागे. मी वळून बघतो, वाट रिकामी. मी थांबलो की ते थांबतं. आधी जरा उशिरा थांबायचं. म्हणून तरी कळायचं की आहे. आता माझ्याबरोबरच थांबतं. मी अंगठा उचलला की त्याचाही उचलला जातो. पंधरवडाभर मला कळतच नाहीये की माझ्या कानात येतो तो आवाज माझ्या गाडीचा किती आणि त्याचा किती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? दादाला सांगू, की मला भीती वाटते? हसेल तो." मग हेल्मेट उचलून त्याची काच उगाचच पुन्हा पुसू लागले. "आणि ते चांगलं नाहीये, वहिनी. कसं सांगू. एखादं माणूस आपल्या मागे उभं राहून आपली नक्कल करतं ना, लोकांना हसवायला, तसं नाही ते. ते शिकतंय. आणि शिकून झालं की त्याला माझी गरज उरणार नाही, असं वाटतं."

बाहेर नवरा पाण्याचा पाइप घेऊन गाड्यांवरचा चिखल काढत होता. शिट्टी वाजवत होता. शेडच्या पत्र्यावर पाणी आपटल्याचा आवाज येत होता.

"उद्या तुम्ही पुढे व्हा," मी म्हणाले. "मागे मी राहते."

ते नको म्हणाले. मी ऐकलं नाही.

४

दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांमध्ये एक कंत्राटदार आणि त्याची बायको होती. बाकी चार-पाच कॉलेजमधल्या मैत्रिणी, त्या आपापल्यात दंग. कंत्राटदार मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने शेडमध्ये पाय ठेवल्यापासून बायकोला धारेवर धरलं होतं. हेल्मेट उलटं घातलंस. हातमोजे कुठे ठेवलेस. "अगं, लक्ष कुठे आहे तुझं?" हे वाक्य त्याने ओढ्यापर्यंत इतक्यांदा म्हटलं की मला त्याची चालच पाठ झाली. 'अगं' खाली, 'लक्ष' वर, आणि शेवटचं 'तुझं' तोडल्यासारखं. बाई काही बोलायची नाही. मान हलवायची आणि सांगेल ते करायची. ओळीत ती सगळ्यात शेवटी होती, माझ्या अगदी पुढे.

ओढा ओलांडला. झाडी सुरू झाली. मी कान मागे लावून गाडी चालवत होते.

माझ्या गाडीचा आवाज येत होता. माझ्या गाडीचाच. मी स्वतःला सांगत होते की भाऊजींना झोप मिळत नाहीये, माणूस खचला की काय काय ऐकतो. मग एका चढावर माझी गाडी दगडावर चढली, मी रेस दिली, चाक सटकलं, इंजिन किंचाळलं. मी अंगठा काढला. मागे, वळणाच्या पलीकडे, दुसरं इंजिन किंचाळलं आणि गप्प झालं.

तिथे वाट चांगली होती. किंचाळायला काही कारण नव्हतं.

मी वळून पाहिलं नाही. पाठ अशी ताठ झाली होती की मान वळेना. पुढे बाईचं लाल हेल्मेट हलत होतं, त्याच्यावर डोळे रोखून मी चालवत राहिले. आवाज जवळ आला. वाट इतकी अरुंद की दोन गाड्या शेजारी मावत नाहीत, तरी तो एकदा माझ्या डाव्या खांद्याशी होता, जिथे नुसती हवा आणि खाली खळगा होता. इंजिन म्हटलं की गरम हवा अंगावर येते, जळक्या तेलाचा वास येतो. त्याला वास नव्हता. थंड होता तो आवाज.

खिंड आली. भाऊजी न थांबता पलीकडे उतरायला लागणार, एवढ्यात माझ्या मागून हॉर्न वाजला. दोन छोटे.

भाऊजींनी हात वर केला. सगळी ओळ थांबली. थांबा म्हटलं की इंजिन बंद करायचं, असं आम्हीच शिकवलेलं, म्हणून सगळ्यांनी आपोआप चाव्या फिरवल्या. मीही.

"काय झालं, वहिनी?" भाऊजी पुढून ओरडले.

माझे हात हँडलवर होते. हॉर्नच्या बटणाला मी शिवलेही नव्हते. मी नुसती मान हलवली. इतक्या लांबूनही मला दिसलं, भाऊजींचा चेहरा उतरला.

कंत्राटदार वैतागून गाडीवरून उतरला आणि फोटो काढायला उजवीकडच्या कड्यावर गेला. मैत्रिणी पाणी प्यायला लागल्या. मी भाऊजींकडे चालत गेले. आम्ही हळू आवाजात बोलत होतो, उरलेली वाट कशी उतरायची, कोण कुठे. इतक्यात मागे एक गाडी सुरू झाली. खरी गाडी. बाईची.

तिने हँडल डावीकडे वळवलं आणि ओळ सोडून, झुडपं चिरत, ती खळग्यात उतरली.

५

मी पायीच धावले. गाडी वळवायला वेळ नव्हता. भाऊजींना म्हटलं, बाकीच्यांना सोडू नका, हलू देऊ नका.

खाली उतरताना मला वाटलं होतं काटे असतील, घसरडं असेल. वाट होती. कोणीतरी बसून बसून, सरपटून झिजवल्यासारखी, गुळगुळीत मातीची. झाडी वर मिटली. उजेड हिरवट झाला. बाईची गाडी एका झाडाला टेकून तिरकी उभी होती, इंजिन बंद. तिच्या पुढे सपाट जागा होती.

त्या जागेत दगड होते. गुडघ्याएवढे, शेवाळलेले, एकामागे एक लावलेले. आमची ओळ उभी असते तसे. मी पाहुण्यांना जेवढं अंतर ठेवायला सांगते तेवढंच अंतर. आणि तिथे आवाज होता, खिंडीत ऐकलेला, लोण्यासारखा चालणारा, आता हाताच्या अंतरावर.

शेवटच्या दगडावर कोणीतरी बसलं होतं.

माझ्याकडे पाठ होती. अंगावर काही होतं की नव्हतं सांगता येत नाही, सगळा मातीचा रंग. मांड्या फाकलेल्या, पाठ किंचित वाकलेली, दोन्ही हात पुढे ताणलेले. मुठी हवेत वळलेल्या. मुठींमध्ये काही नव्हतं. उजवा अंगठा दाबला जात होता, सुटत होता, आणि तो दाबला गेला की आवाज चढायचा. आवाज मानेतून येत होता. मानेची कातडी थरथरत होती.

बाई त्याच्या पुढच्या रिकाम्या दगडाशी उभी होती. हेल्मेट घातलेलं. एक पाय उचलून ती दगडावर मांड टाकण्याच्या बेतात होती.

मी तिचा दंड धरला. ती हलेना.

"ते बोलावतायत," ती म्हणाली. शांतपणे, थोडी ओशाळून. "इथे बस म्हणाले. उशीर झाला तर रागावतील."

त्याच क्षणी वरून, खिंडीतून, कंत्राटदाराचा आवाज आला. "अगं! लक्ष कुठे आहे तुझं?"

इंजिनाचा आवाज तुटला. दगडावरची मान जरा कलली, ऐकणाऱ्यासारखी. मग तिच्यातून ते वाक्य आलं. 'अगं' खाली, 'लक्ष' वर, शेवटचं तोडलेलं. कंत्राटदाराने म्हटलं होतं त्यापेक्षा चांगलं. जास्त चिडलेलं.

बाईच्या तोंडातून अगदी बारीक आवाज निघाला. तिचा दंड माझ्या हातात सैल पडला.

ते डोकं वळायला लागलं. खांदे तसेच, मुठी तशाच हवेत, फक्त डोकं. मला कानामागची जागा दिसली, गालाची कड दिसली. पुढचं बघायला मी थांबले नाही. बाईला ओढत, ढकलत, अक्षरशः फरपटत मी वर आणलं. मागून कोणी आलं नाही. मागून काहीच आवाज आला नाही आणि त्या शांततेनेच माझे पाय जास्त पळवले.

६

वर आलो तेव्हा कंत्राटदार आरडाओरडा करत होता, पैसे परत, तक्रार, वगैरे. बाईने हेल्मेट काढलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो मधेच गप्प झाला.

भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय आहे खाली?"

मला सांगायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "गाडी नाहीये, भाऊजी. गाडी नाहीचये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातमोजे चढवले.

"बाईंना तुमच्या मागे बसवा आणि पुढे व्हा," ते म्हणाले. "त्यांची गाडी राहू दे खाली. मागे मी आहे."

"नको. तुम्ही मधे या. शेवटी कोणीच नको."

"शेवटी कोणीतरी असणारच की, वहिनी. कोणीतरी शेवटचं असतंच." ते हसले. "मग मी असलेला बरा. मला सवय आहे. वळणावळणाला हॉर्न देतो. लांब हॉर्न ऐकला की समजा, शेपूट जागेवर आहे."

पोरी घाबरून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांना लवकर खाली न्यायला हवं होतं. मी निघाले.

प्रत्येक वळणावर मी मागे पाहिलं. धूळ, हेल्मेटं, झाडं. भाऊजी दिसल्यासारखे वाटायचे, पण धुळीत नक्की कळायचं नाही. प्रत्येक वळणानंतर लांब हॉर्न यायचा. बाईने माझी कंबर इतकी घट्ट धरली होती की श्वास घेता येईना. झाडी संपली, ओढा आला. मी पाण्यापलीकडे थांबून सगळ्यांना मोजलं. भाऊजी अजून वळणामागे होते. इंजिन ऐकू येत होतं. हॉर्न आला, लांब. सगळं ठीक, चला. मी निघाले.

आमच्या अंगणाला उंच पत्र्याचं गेट आहे. आम्ही आत शिरलो. नेहमीप्रमाणे गेट नवऱ्याने वाऱ्यासाठी लोटून घेतलं, कडी न लावता. एकेक गाडी बंद झाली. पोरी रडायला लागल्या. त्यांना बसवेपर्यंत बाहेर शेवटचं इंजिन वळणावर आलं, गेटपर्यंत आलं, आणि बंद झालं.

"आला," नवरा म्हणाला, आणि हात पुसत गेट उघडायला गेला.

त्याने गेट उघडलं आणि तिथेच उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. रस्ता वळणापर्यंत रिकामा होता. धूळ आमची होती, ती खाली बसत आली होती.

भाऊजींची गाडी खिंडीतच सापडली, आम्ही निघालो त्या जागी. हँडब्रेक ओढलेला, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. ती तिथून हललीच नव्हती. मग उतारभर मला हॉर्न कोण देत होतं, हे मी पोलिसांना विचारलं नाही. त्यांनी कुत्रं आणलं, दोरखंड आणले, खळग्यात माणसं उतरवली. बाईची गाडी वर काढली. म्हणाले, खाली दगड आहेत नुसते. कुत्रं मात्र दगडांपर्यंत गेलं नाही. बसून राहिलं.

७

धंदा बंद केला. गाड्या विकायला काढल्या. कोणी घेतल्या, काही पडून आहेत.

महिनाभराने दुपारी, फेरी परतायची त्याच सुमाराला, वळणावर इंजिन वाजलं. गेटशी आलं. बंद झालं. आणि बाहेरून भाऊजींचा आवाज आला.

"वहिनी."

थकलेला, जरा थट्टेखोर, अगदी त्यांचाच. नवऱ्याच्या हातातला पाना खाली पडला. तो धावला. मी त्याच्या आधी पोहोचले आणि कडीला कुलूप घातलं.

"वेडी झालीस का? गेट उघड! तो आलाय!"

"खाली बघ," मी म्हणाले. "गेटखाली बघ."

गेट आणि जमीन यांच्यात वीतभर फट आहे. बाहेर इंजिन पुन्हा सुरू झालं होतं, पत्र्याला टेकल्यासारखं जवळ, पत्रा थरथरत होता. फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता, ऊन दिसत होतं. टायर नव्हते.

नवऱ्याने पाहिलं. पण माणसाला जे बघायचं नसतं ते तो बघत नाही. तो जिन्याने वर धावला, गच्चीतून वाकला. गच्चीतून गेटच्या पायथ्याची जागा दिसत नाही.

त्यानंतर ते बहुतेक दुपारी येतं. "वहिनी." कधी "वहिनी, काय झालं?" कधी "मागे मी आहे." घरात आम्ही दोघं एकमेकांशी बोलेनासे झालो. नवरा जेवताना माझ्याकडे पाहतो तेव्हा त्या नजरेत मी त्याची बायको नसते. मी त्याच्या भावाला दाराबाहेर ठेवणारी बाई असते. किल्ली मी गळ्यात घालून झोपते. एकदा पहाटे जाग आली तर त्याचा हात माझ्या गळ्यापाशी होता. किल्लीसाठी होता, असं मी मानलं.

परवा मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, "डोकं शांत ठेवून ऐक. भाऊजी शेडमध्ये शिरले की पहिली हाक कोणाला मारायचे?"

तो नखातलं ग्रीस खरवडत राहिला.

"दादा. दिवसातून शंभरदा. दादा पाना दे, दादा चहा टाकलाय का. आणि हे महिनाभर येतंय, एकदा तरी तुला दादा म्हणालं? ते मलाच हाक मारतं. कारण वर डोंगरात भाऊजी फक्त माझ्याशी बोलायचे. जेवढं तिथे ऐकलं तेवढंच त्याला येतं. त्याला तू माहीतच नाहीस रे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला पटलं होतं, मला दिसलं. त्याने मान खाली घातली. बऱ्याच दिवसांनी आम्ही फळं कापून एका ताटलीतून खाल्ली.

काल दुपारी ते आलं. "वहिनी," म्हणालं. मी स्वयंपाकघरात होते. नवरा अंगणात गाडीखाली आडवा झाला होता. तो तसाच उठला, ग्रीसने माखलेला, गेटशी गेला आणि दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवून रडत ओरडला, "अरे, मी आहे रे! दादा! तुझा दादा! एकदा मला दादा म्हण ना रे!"

मी जिन्यावरून ओरडले, गप्प बस, देवाशप्पथ गप्प बस. पण त्याचं बोलून झालं होतं.

बाहेर काही नव्हतं. इंजिनही नाही. कोणीतरी श्वास धरून ऐकावं तशी शांतता होती, आणि ती संध्याकाळपर्यंत टिकली.

आज ते लवकर आलं. आम्ही दोघंही अंगणात होतो. वळणावर इंजिन वाजलं, गेटशी आलं, थांबलं. जरा वेळ गेला. पहिल्यांदा शब्द चुकला, मधेच घरघरला. मग सुधारला.

"दादा," भाऊजी बाहेरून म्हणाले. "दादा, गेट उघड."

नवरा माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा उजळला होता. इतकं आनंदलेलं मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला, आणि किल्लीसाठी हात पुढे करून माझ्याकडे चालत आला.